हिशेब एकाशी, वसुली दुसऱ्याकडून

पालकसभेच्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाची वही माझ्या टेबलावर ठेवून त्याची बहीण उभी होती. ती आमच्याच शाळेत नववीत, म्हणजे माझीच विद्यार्थिनी. वडील गॅरेजमध्ये कामाला, आई घरी. दोघांनाही मराठी वाचता येत नाही, म्हणून भावासाठी तीच आली होती. तिने वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि हळू आवाजात विचारले, "सर, ये 'पानी' बराबर है क्या? आपने तो हमकू बाणाचा ण सिखाया था."

त्या शब्दापुढे लाल शाईत बरोबरची खूण होती. खूण माझीच होती. मी पान उलटले. तिथे 'शाला' होते, 'फल' होते, आणि प्रत्येकापुढे तीच डौलदार लाल खूण. "घाईत राहून गेले असेल," असे काहीतरी मी पुटपुटलो. ती "जी सर" म्हणाली आणि वही घेऊन गेली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर सुचले असते.

ती गेल्यावर मात्र मला स्वतःशी कबूल करावे लागले की घाई कसलीच नव्हती. मी त्या वह्या वाचल्याच नव्हत्या. नववीच्या मुलींचे निबंध मी रात्री घरी नेऊन शब्दन् शब्द तपासत होतो आणि पाचवीच्या वह्यांवर चहाच्या सुट्टीत खुणा ओढत होतो. शिक्षक एकच, पगार एकच, शाळा एकच. मग वागणे दोन प्रकारचे का?

याचे उत्तर मला माहीत होते. फक्त ते कुणी विचारले नव्हते. पाचवीचा वर्ग मला माझ्या लायकीचा वाटत नव्हता.

माझी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आमच्या घरात दखनी बोलली जाते. दहावीपर्यंत मी उर्दू माध्यमात शिकलो, पुढे कॉलेजात हट्टाने मराठी घेतले, एम.ए. केले, बी.एड. केले, प्राध्यापक होण्यासाठी लागणारी सेट परीक्षाही पास झालो. मोहल्ल्यात मराठी घेऊन एम.ए. झालेला मी पहिलाच. प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. मिळाली ती पाचवी ते दहावीच्या एका उर्दू हायस्कुलात मराठी शिकवण्याची. तीही आधी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून, महिना ८,००० रुपये मानधनावर. वेळापत्रकात नववी, दहावी आणि पाचवीच्या दोन तुकड्या आल्या. ज्ञानेश्वरीच्या भाषेवर टिपणे काढलेला माणूस फळ्यावर काना-मात्रा काढू लागला. निदान मी स्वतःकडे त्या नजरेने पाहत होतो.

त्या काळातले माझे वागणे आज आठवले की लाज वाटते. घंटा झाल्यावरच मी शाळेच्या फाटकात शिरत असे. बैठकीत मुख्याध्यापक काही सांगू लागले की मी शेजारच्याकडे पाहून ओठ मुडपून हसत असे. पोषण आहाराची नोंद ठेवायला सांगितली तेव्हा "याच्यासाठी एम.ए. केले का?" असे मी सर्वांसमोर म्हणालो. ती नोंद मग माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील असलेल्या एका सहकाऱ्याने मुकाट्याने ठेवली. सेटचे प्रमाणपत्र लॅमिनेट करून मी बॅगेत बाळगत होतो. कुणी पाहायला मागितले नाही, तरी ते रोज माझ्याबरोबर शाळेत येत होते.

शिक्षण कामापेक्षा जास्त झाले आहे ही भावना केवळ माझी नाही. २०१५ साली उत्तर प्रदेशच्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले आणि अर्जदारांत २५५ पीएच.डी. होते. आपल्या मंत्रालयाच्या उपाहारगृहात वाढप्यांच्या १३ जागा होत्या, पात्रता चौथी पासची. सुमारे ७,००० अर्ज आले आणि निवड झालेल्यांत बहुतेक पदवीधर होते, ही बातमी २०१९ च्या जानेवारीतली. मुस्लिम समाजापुरते पाहिले तर पदवीधरांमधील बेकारी आपल्याकडे इतरांहून अधिक असल्याची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली होती. म्हणजे आपल्यातला जो शिकतो, त्याला शिक्षणाच्या मानाने उणे काम मिळण्याचा संभव मोठा आहे. अशा कामावर तो वागतो कसा, हा प्रश्न म्हणून आपल्या घरातलाच आहे.

नोकरी देणाऱ्यांना या वागण्याची धास्ती असते. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या शहरात १९९६ साली एका उमेदवाराला पोलिसात घेतले नाही, कारण बुद्धिमापन चाचणीत त्याला ३३ गुण पडले होते. तिथे २० ते २७ गुणांचे उमेदवार बोलावले जात. फार हुशार माणूस गस्तीच्या कामाला कंटाळून सोडून जाईल, असा हिशेब होता. तो न्यायालयात गेला, पण २००० साली अपिलाच्या न्यायालयानेही शहराच्याच बाजूने निकाल दिला. या निकालाचा मला संताप येतो. माणूस अजून कामावर यायचाच आहे आणि त्याच्या कंटाळ्याची शिक्षा त्याला आधीच! पण संताप ओसरला की शंका येते. पाचवीच्या त्या वह्यांकडे पाहून कुणी म्हणाले असते की याला घ्यायलाच नको होते, तर मी काय सांगितले असते?

या भावनेची फोड केली तर तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी सापडतात, आणि आपण त्या नेहमी एकत्र कालवतो. पहिली गोष्ट अशी की मला माझ्या शिक्षणाच्या मानाने कमी मिळाले. दुसरी अशी की हे काम माझ्यापेक्षा कमी दर्जाचे आहे. पहिली तक्रार पुष्कळदा खरी असते. कॉलेजांतल्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, तासिका तत्त्वावर माणसे राबवायची आणि सेट झालेल्यांना रांगेत उभे करायचे, हा अन्यायच आहे. दुसरी तक्रार मात्र पहिलीच्या पाठीमागून चोरपावलाने येते. कमी मिळाले ते मला, पण कमी लेखतो मी समोरच्या कामाला. आणि काम म्हणजे काही हवेतली गोष्ट नसते. कामाच्या पलीकडच्या टोकाला माणूस असतो. खिडकीपाशी दाखल्यासाठी उभी असलेली म्हातारी असते, दवाखान्यातला रोगी असतो, पाचवीतला मुलगा असतो.

माझा हिशेब होता सरकारशी, भरतीबंदीशी, काही अंशी नशिबाशी. त्यांच्यापैकी कुणाकडूनही मला छदाम वसूल करता आला नाही. मग मी वसुली केली ती दहा वर्षांच्या मुलांकडून. तेच माझ्या हाताशी होते आणि तेच मला उलट विचारू शकत नव्हते. सावकारी याहून वेगळी काय असते? तीत निदान ज्याने कर्ज घेतले त्याच्याच दारात माणूस जातो.

ही भावना परिस्थितीपेक्षा तुलनेतून अधिक वाढते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांचा अभ्यास सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. लष्करी पोलिसांत बढत्या कमी, हवाई दलात भराभर. तरी बढतीबद्दलची नाराजी हवाई दलातच जास्त होती. आजूबाजूचे पुढे जाताना दिसले की मागे राहिलेला जास्त पोळतो. माझेही तेच होते. बरोबर शिकलेला एक मित्र प्राध्यापक झाला तेव्हापासून पाचवीची घंटा मला अधिक कर्कश वाटू लागली. घंटा तीच होती. मी मात्र वर्गात उभा राहून दुसऱ्याच इमारतीकडे पाहत होतो.

वहीच्या प्रसंगानंतर मी ठरवले की पाचवीला मनापासून शिकवायचे. आणि मग खरी फजिती झाली. मला ते येतच नव्हते.

मुले 'किती' वाचताना अडखळत, 'मुलगा' ला 'मलगा' म्हणत, 'दिवा' आणि 'देवा' यांत त्यांना फरक दिसत नसे. मी समजावून सांगे, चिडे, पुन्हा तेच सांगे. ऱ्हस्व स्वर, दीर्घ स्वर, मूर्धन्य, दंत्य असे शब्द माझ्या तोंडून पडत आणि मुले टकामका पाहत. पोरेच मठ्ठ आहेत, पाया कच्चा आहे, असे मी स्टाफरूममध्ये म्हणू लागलो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी दर वर्षी शिकवतो. ती आपल्याला लागू होते हे कळायला वेळ लागला.

आमच्याच आवारात प्राथमिक शाळा भरते. तिथे एक आपा आहेत. बारावीनंतर डी.एड. केलेल्या, आता निवृत्तीला आलेल्या. एकदा पाऊस जोरात लागला म्हणून दोन वर्ग एकत्र बसवले होते. आपांनी माझ्या पाचवीच्या मुलांना सहज विचारले, "मकतब में क़ायदा पढ़ते ना बच्चो? ज़ेर कहाँ लगता?" "नीचे!" मुले ओरडली. "मराठीचं ज़ेर खाली बसत नाही. ते अक्षराच्या आधी येऊन उभं राहतं. हे बघा." त्यांनी फळ्यावर 'कि' काढला. "आणि पेश?" "ऊपर!" "मराठीचा पेश खाली लटकतो." फळ्यावर 'कु' आला. जज़म म्हणजे अर्धे अक्षर, तश्दीद म्हणजे जोडीचे अक्षर. 'बच्चा' आणि 'कच्चा' मुलांनी त्या दिवशी हसत हसत वाचले.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. मुलांच्या अडखळण्याचे कारण इतके साधे होते. उर्दूच्या रोजच्या लिखाणात ज़ेर, ज़बर, पेश लिहीत नाहीत. वाचणारा अंदाजाने स्वर भरतो. ती सवय घेऊन मुले देवनागरीकडे येतात आणि काना-मात्रेवरून नजर सरकवून पुढे जातात. त्यातून उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, आणि पहिली वेलांटी तर बोलताना नंतर, लिहिताना आधी. हे सगळे मी स्वतः लहानपणी सोसले होते. पण मराठीत एम.ए. होईपर्यंत मी ते साफ विसरलो आणि आपांनी जपून ठेवले. ण आणि ळ उर्दूत नाहीत, म्हणून कानालाच ते आधी ऐकवावे लागतात. 'पाणी' ऐवजी 'पानी' हा निष्काळजीपणा नव्हता, ते मुलाच्या घरचे पाणी होते. ते न कळणारा शिक्षक या वर्गासाठी जास्त शिकलेला म्हणायचा की कमी?

पुढे सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला तेव्हा मला आपांची आठवण झाली. पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी बी.एड. चालेल, असे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये जाहीर केले होते. राजस्थानातून निघालेल्या खटल्यात ११ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने ते अमान्य केले. बी.एड. ही माध्यमिक वर्गांसाठीची तयारी आहे, लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि ते पदविकेच्या अभ्यासक्रमात दिले जाते, असा त्यातला मुद्दा. खटला भरतीच्या पात्रतेचा होता, माझ्यासारख्यांच्या वेळापत्रकाचा नव्हता. अनेक बी.एड.धारकांची त्यात फरपट झाली, हेही खरे. पण त्याने माझ्या डोक्यातली एक शिडी मोडली. मी डी.एड. खालच्या पायरीवर, बी.एड. वरच्या, एम.ए. त्याहून वरच्या पायरीवर ठेवत होतो. ज्ञान असे पायऱ्या-पायऱ्यांनी रचलेले नसते. ज्याला वरचे येते त्याला खालचे आपोआप येतेच असे नाही, आणि 'खालचे' हा शब्दही आपणच ठेवलेला असतो.

इथे एक धोका आहे. माझ्या सांगण्याचा अर्थ 'मिळेल त्यात समाधान माना' असा होता कामा नये. सबर करा, असे उपाशी माणसाला पोट भरलेल्याने सांगणे सोपे असते. २००० साली शिक्षण सेवक योजना आली तेव्हा प्राथमिकच्या सेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. पुढे ते ६,००० झाले आणि मग जवळपास बारा वर्षे तिथेच राहिले. १६,००० व्हायला २०२३ उजाडावे लागले. 'सेवक' हा सुंदर शब्द या सगळ्या वर्षांत कमी पैशांवर पांघरूण घालायला वापरला गेला. त्याविरुद्ध संघटना करणे, कोर्टात जाणे, मोर्चा काढणे, चांगल्या जागेसाठी अर्ज करत राहणे, यात काहीही गैर नाही. मीसुद्धा अजून कॉलेजच्या जाहिराती पाहतो आणि अर्ज करतो. ज्याच्याशी हिशेब आहे त्याच्याकडे तो मागणे हा हक्कच आहे. प्रश्न एवढाच आहे की तो हिशेब मिटेपर्यंत वर्गात मी काय करतो.

आपल्याकडे हलाल कमाईचा विचार बहुधा व्याज, दारू, लाच इथवर येऊन थांबतो. नोकरी हा करार आहे आणि करारातले काम ही अमानत आहे, इथपर्यंत तो क्वचित येतो. पगार कमी वाटतो म्हणून मी पगारवाढ मागू शकतो, नोकरी सोडू शकतो. पण पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणे, आणि उरलेले अर्धे मी ठरवलेल्या नुकसानभरपाईपोटी स्वतःच कापून घेणे, याला काय म्हणावे? वजनात मारणाऱ्या दुकानदाराला आपण नाव ठेवतो. तोही म्हणतच असेल की या धंद्यात मला माझ्या लायकीचे मिळत नाही.

याचा एक पदर नोकरी देणाऱ्यांकडेही जातो. जास्त शिकलेला माणूस बिघडतोच असे नाही. तुर्कस्तानातील कपड्यांच्या दुकानांमधील विक्रेत्यांवर बेरिन एर्दोगान आणि टालिया बॉवर यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण कामापेक्षा जास्त लायक आहोत असे वाटणाऱ्यांची विक्री कमी नव्हती, उलट चांगली होती. नाराजी आणि सोडून जाण्याची इच्छा मात्र त्यांच्यात दिसे. पण ज्यांना कामात स्वतःचे ठरवायला वाव होता, त्यांच्यात ती नाराजी ओसरलेली आढळली. माणसाकडे जे जास्तीचे आहे ते वापरायला जागा मिळाली, तर ते आंबत नाही.

आमच्या मुख्याध्यापकांनी हा अभ्यास वाचलेला नाही. तरी आपांच्या त्या तासानंतर मी त्यांच्याकडे गेलो आणि पाचवीसाठी वाचनाची कार्डे करू का असे विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "करा, कागद ऑफिसमधून घ्या." ज्यांच्याकडे पाहून मी ओठ मुडपत होतो तेच हे गृहस्थ. आपा आणि मी मिळून कार्डे केली. ज़ेर-पेशची कल्पना त्यांची, शब्दांची निवड माझी. कुठला शब्द दखनीतही आहे आणि मराठीतही, कुठला रूप बदलून येतो, कुठल्याचे लिंग बदलते, हे शोधताना माझे एम.ए. पहिल्यांदा पाचवीच्या कामी आले. ते जास्तीचे नव्हतेच. ते मी बॅगेत लॅमिनेट करून ठेवले होते.

शेवटी मला सर्वात जास्त बोचणारी गोष्ट. मागे एकदा एका पालकाने मुलाला सातवीतून काढून कामाला लावले. मी समजवायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "सर, आप इत्ता पढ़े, तुमकू क्या मिला? तुम ख़ुदच ख़ुश नहीं." मी पगाराची, सुरक्षिततेची गणिते सांगितली. पण त्याचा दुसरा शब्द मला खोडता आला नाही. मी खूश नव्हतो, आणि ते गल्लीपर्यंत पोहोचले होते. आपल्या मोहल्ल्यात शिकलेला माणूस हा शिक्षणाचा एकुलता एक नमुना असतो. त्याच्या कपाळावर सदैव आठी असेल, तर शिकल्याने माणूस असा होतो हेच लोक शिकतात. त्या आठीचा हिशेब सरकारकडे जात नाही. तो एखाद्या मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघतो. तो मुलगा शाळेत परत आला नाही.

'पानी'वाला मुलगा आता सातवीत आहे. त्याचे शुद्धलेखन अजून फारसे चांगले नाही. परवा त्याच्या वहीत 'विहिरीचे पाणी' असे शब्द दिसले. ण बरोबर होता, 'विहिरी'तल्या एका वेलांटीची गडबड होती. मी लाल पेनाने त्या वेलांटीभोवती गोल केला, बाजूला शब्द नीट लिहिला आणि त्याला जवळ बोलावले. त्याची बहीण त्या दिवशी वही घेऊन आली नसती, तर मी तिथे अजूनही बरोबरची खूणच करत असतो.